तिरप्या खाचेची काठी

एका गावात एक सुतार राहायचा, असं म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणायचं. खरं तर हा सुतार गावात कमी आणि परगावीच जास्त असायचा. सागाचं घर बांधावं तर त्यानंच, अशी त्याची ख्याती दहा गावं ओलांडून गेली होती.

त्याची रीत न्यारी होती. लाकडाला हात लावण्याआधी तो त्या घरच्या बाईला अंगणात उभं करायचा. तिला हात वर करायला सांगायचा आणि बोटं पोचतील तिथं काठीवर खाच पाडायचा. ती फळीची उंची. कोपराशी दुसरी खाच, ती पाण्याच्या ओट्याची. मग तिला पाटावर बसवून डोळ्यांशी तिसरी, ती खिडकीची, कारण बसल्याबसल्या बाहेरचं दिसायला हवं. माप घेतल्याशिवाय त्यानं कधी करवत चालवली नाही. लोक म्हणायचे, याचं घर अंगरख्यासारखं अंगाला बसतं.

स्वतःच्या बायकोचं माप त्यानं सगळ्यांत आधी घेतलं होतं, लग्नाच्या पहिल्या वर्षी, खोपटाच्या दारात. ती हसत होती म्हणून वरची खाच जरा तिरपी पडली. याच मापाचं घर तुला बांधून देईन, असं तो म्हणाला आणि ती काठी हत्यारांच्या पेटीत घालून दुसऱ्यांची घरं बांधायला निघून गेला.

हे एवढं घर झालं की मग आपलंच, असं तो दर वेळी सांगायचा. ते व्हायचं, तोवर दुसऱ्या कुणाचं तरी बोलावणं आलेलं असायचं. पावसाळ्यात काम थांबलं की चार दिवस यायचा आणि जायचा. मुलगी चालायला लागली तेव्हा तो एका जमीनदाराच्या माडीचा जिना बसवत होता. तिच्या लग्नालासुद्धा पाहुण्यासारखा येऊन गेला.

त्याला घराची ओढ नव्हती असं नाही. संध्याकाळी परक्या अंगणात हत्यारं पुसताना जीव अगदी कासावीस व्हायचा. मग तो पेटीतली काठी काढून तिरप्या खाचेवरून अंगठा फिरवायचा. तेवढ्यानं त्याला बायको भेटल्यासारखी वाटायची, आणि तिथंच सगळा घात झाला.

दर वर्षी तो एक निवडक तुळई मात्र घरी पाठवायचा. बायको ती खोपटामागं दगडांवर रचायची. वाळवी लागू नये म्हणून खाली राख पसरायची आणि लाकडाला बाक येऊ नये म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी एकेक तुळई एकटीनं उलटवायची.

सव्वीस वर्षांनी सुतार कायमचा परत आला. लाकूड खणखणीत वाळलं होतं. तुळयांवरून हात फिरवत तो खुशीत म्हणाला, "एकसुद्धा वाकली नाही बघ."

घर त्याच्या मनात केव्हाचं बांधून तयार होतं. लेक-जावयासाठी माडीवर खोली, ओटा सकाळच्या उजेडात आणि रस्त्याच्या अंगाला खिडकी. घर पुरं होईपर्यंत बायकोनं उंबरा ओलांडायचा नाही, असा त्याचा हट्ट होता. ती बिचारी रोज भाकरी घेऊन यायची आणि बाहेरच बसायची.

एके दिवशी ती म्हणाली, "लोकांच्या बायकांची मापं घेतलीत. माझं एकदा घ्या की."

"तुझं कधीच घेतलंय," तो काठी उंच धरून हसला. "पाठ आहे मला."

तो काठीकडं बघत होता, तिच्याकडं नाही. मग तिनं रिकामी टोपली उचलली आणि ती गेली.

घर झालं. साऱ्या गावानं तोंडात बोट घातलं. बायको उजवं पाऊल टाकून आत आली, खांबांना हात लावून आली आणि मिठाची बरणी ठेवायला तिनं हात वर केला. फळी वीतभर वरच राहिली. तिनं टाचा उंचावून बघितलं, तरी पोचेना. मग ती खिडकीशी पाट घेऊन बसली. खिडकीतून नुसतं आभाळ दिसत होतं.

जन्मभर दुसऱ्यांची मापं घेतली आणि आपल्याच घरात दिव्याखाली अंधार. वीतभर उंची गेली कुठं, असं सुतारानं कसंबसं विचारलं.

"तुळया उलटवण्यात," ती साधेपणानं म्हणाली. "त्यांना वाकू द्यायचं नव्हतं ना. घर सुरेख आहे हो. पण हे खोपटाच्या दारात हसणाऱ्या त्या पोरीचं आहे. तिनं फार वाट बघितली तुमची."

सुतार नव्या उंबऱ्यावर बसून रडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं नवी काठी घेतली आणि बायकोला अंगणात उभं केलं. कितीतरी वर्षांनी तो तिच्याकडं इतक्या जवळून बघत होता. कपाळावरच्या रेघा, पांढरे झालेले केस, वाकलेली पाठ, सगळं त्यानं नीट बघितलं, आणि मगच खाचा पाडल्या. फळी खाली आली. भिंत उसवून खिडकीही खाली घेतली. तिथला सांधा काही पहिल्यासारखा जुळला नाही, पण त्याची त्यानं फिकीर केली नाही.

आता बायकोचा हात बरणीला पोचायचा आणि बसल्यावर रस्ता दिसायचा. पण कामं आटोपली की ती खिडकीशी बसून रस्त्याकडंच बघत राहायची.

"आता तर मी घरातच आहे," एकदा तो म्हणाला. "मग वाट कुणाची बघतेस?"

"त्याचीच," ती म्हणाली. "ज्याच्या हातून खाच तिरपी पडली होती, त्याची."

सुतारानं दुसरा पाट आणला, तिच्याशेजारी मांडला आणि तोही रस्त्याकडं बघत बसला.

तात्पर्य: ज्यांच्यासाठी राबतो, त्यांच्याकडं येता-जाता बघत जावं. वाळत घातलेलं लाकूड आपल्यासाठी थांबतं, माणसाचं वय थांबत नाही.