शुक्तिकेची उघडी चूल

पूर्वी त्रेतायुगात, जेव्हा सह्याद्रीच्या पायथ्याची भूमी समुद्राने नुकतीच मोकळी केली होती आणि तिच्या मातीला अजून मिठाचा वास येत होता, तेव्हा पश्चिम तीरावरच्या एका पुळणीवर, केवड्याच्या बनाला लागून, शुक्तिका नावाची कोळीण आपल्या पतीसह राहत असे. पतीचे नाव तरंड. हे मी सांगतो आहे हो, तिने कधी सांगितले नसते! पतीचे नाव ओठांवर आणले की त्याचे आयुष्य घटते, अशी त्या काळच्या स्त्रियांची पक्की समजूत; आणि शुक्तिकेचा तर त्याच्यावर भारी जीव. ‘अहो, ऐकलंत का?’ एवढ्यावर तिचा संसार सुखाने चालला होता.

तरंड समुद्रावरून आला की ती तांबोशी मासा शिजवी. मातीच्या मडक्यात आमसूल, तिरफळ, मिरी, नारळाचा रस, आणि वरून हळदीचे पान. मिरचीचे नाव काढू नका, तिने तेव्हा हे किनारे पाहिलेही नव्हते. तरंड जेवायला बसे तेव्हा माशाचे डोके पानाच्या डाव्या कडेला सारून ठेवी, त्यावर हळदीच्या पानाचा तुकडा झाकी आणि म्हणे, “हे तुझं.” शुक्तिकेला माशाचे डोके फार आवडे. कितीही भूक असली तरी त्याने ते कधी खाल्ले नाही.

एकदा वादळ उठले आणि तरंडाची नौका परतलीच नाही. घरात एकच मासा उरला होता. आज ना उद्या तो येईल, उपाशी असेल, म्हणून शुक्तिकेने तो शिजत घातला. तोच दारात एक जटाधारी वृद्ध उभा राहिला.

“कल्याणी, मी क्षुधार्त आहे. अन्न दे.”

“बाबा, रागावू नका,” ती दार अडवून म्हणाली, “हे घरच्यांसाठी आहे.”

त्या वृद्धाचे रूप क्षणात पालटले. पाशधारी, मकरवाहन, जलाधिपती वरुण तिच्यापुढे उभा होता! “घरच्यांसाठी?” तो गरजला. “ज्याच्या घरातून हा मासा आणलास, त्यालाच दारातून परत धाडतेस? तर ऐक. तुझ्या चुलीला यापुढे घरच उरणार नाही!” त्याच क्षणी वाऱ्याने झोपडीचे छप्पर उडवून नेले आणि आभाळाखाली नुसती चूल धगधगत राहिली.

आता सांगा, काय चुकले होते हो त्या पोरीचे? पण देवाच्या रागापुढे कोण बोलणार! शुक्तिकेने मात्र छपराकडे पाहिलेही नाही. तिने त्याचे पाय घट्ट धरले. “भगवन्, घर न्या, मला नेलंत तरी चालेल. माझा माणूस तेवढा परत द्या!”

वरुणाचा कोप ओसरला, पण उच्चारलेला शाप कोणत्या देवाला गिळता आला आहे? तो म्हणाला, “तो येईल, पण पाहुणा होऊन, परक्या चेहऱ्याने. स्वतःचे नावही त्याला आठवणार नाही. तू त्याला ओळख, आणि पानावरून उठण्यापूर्वी नावाने हाक मार. तो तुझा होईल. हाक मात्र एकदाच. ती चुकली वा उशिरा गेली, तर शाप अढळ होईल.”

त्या दिवसापासून शुक्तिकेने येईल त्याला जेवू घातले. भर दुपारी, वाळूवर पाने मांडून, आल्यागेल्याला. प्रत्येकाच्या चालीकडे, हसण्याकडे, घास घेण्याच्या लकबीकडे ती डोळ्यांत प्राण आणून पाही. त्या जेवणाची कीर्ती दूरवर गेली. तीर्थयात्री येऊ लागले, व्यापाराचे तांडे घेऊन सार्थवाह येऊ लागले, राजांचे लवाजमे हत्तींसह पुळणीवर उतरू लागले. एका चुलीच्या अनेक चुली झाल्या. वाढता वाढता शुक्तिकेला मान वर करायला सवड मिळेना. आणि हेच नडले.

अशाच एका गर्दीच्या दुपारी एक सावळा वाटसरू पंगतीच्या टोकाला बसला, मुकाट्याने जेवला, “अन्नदात्री सुखी भव” म्हणाला आणि उठला. हातातले मडके न ठेवताच तिने मान हलवली.

मग ती पाने गोळा करू लागली. शेवटच्या पानापाशी तिचा हात थांबला. डाव्या कडेला माशाचे अख्खे डोके होते आणि त्यावर हळदीच्या पानाचा तुकडा झाकलेला होता.

“अगं आई गं!” ती किंचाळली आणि पाण्याकडे धावली. ओल्या वाळूवर पावले उमटली होती. भरतीच्या लाटेने ती तिच्या डोळ्यांदेखत पुसली. आयुष्यात जे नाव तिच्या ओठांवर आले नव्हते, ते तिने सर्व शक्तीनिशी हाकारले, “तरंडा! तरंडा रे!” समोर कुणीच नव्हते.

लाटांतून वरुण वर आला. या वेळी त्याच्याही डोळ्यांत पाणी होते. “साध्वी, हाक सरली. तो आता चिरकाल फिरत राहील, आणि तुला ओळखणार नाही. शाप मला फिरवता येत नाही. दुसरे काहीही माग.”

शुक्तिकेने पदराने तोंड पुसले. “मग एवढंच द्या. माझ्यामागेही ही चूल विझू नये. कधी फिरत फिरत तो पुन्हा इकडे आला, तर उपाशी जाऊ नये.”

“तथास्तु,” वरुण म्हणाला आणि लाटांत परत उतरला.

शुक्तिका गेली; चूल राहिली. खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे, केवड्याच्या बनाला उजवीकडे टाकून गेले, की ती पुळण लागते. ओहोटीला दुपारी कुणीही जावे. जात विचारत नाहीत, गाव विचारत नाहीत, वाळूवर पान मांडून तांबोशी वाढतात. ते मासे छपराखाली कुणी शिजवत नाही. पाहुण्यांची हसून चेष्टा चालते, आग्रह चालतो. पण एखाद्याने सहज म्हणून माशाचे डोके पानाच्या कडेला सारले, की वाढणाऱ्या बाया जागच्या जागी थांबतात. त्यांतली वडीलधारी पुढे येते, त्याच्यासमोर वाळूत बसते, त्याचा चेहरा निरखते आणि हळूच विचारते, “कुणासाठी ठेवलंस रे, बाबा?”