लतीफबाबांचा खोकला

“मग फोटो काढल्यावरच माणूस कसा मरतोय, बाबा? त्याच्या आदी का मरत न्हाई?”

पिराजी सनईवाला इचारत हुता. वय सत्तरीला टेकलेलं, पर मिशीला पीळ. एका दमात वेशीपासनं मांडवापतोर वरात न्हेणारा गडी! दोन म्हयनं झालं, खोकला हटत नव्हता. तवापासनं मिशी जास्तच पिळायचा. भ्यालेला बाप्या मिशीला कामाला लावतो, दुसरं काय.

लतीफबाबा फकीर गावाच्या कडंला आपल्या तकियात, म्हंजी मठीत, गोधडी शिवत बसले हुते.

“कोण मेला रं?”

“भिवा की! माझा जोडीदार. तीस वर्सं माझ्या मागं सूर धरला त्यानं. दवाखान्यात न्हेला, छातीचा फोटो काढला, आन म्हयन्यात…”

“खोकत किती दिस हुता?”

“वरीसभर.”

बाबांची सुई थांबली.

“मला आपली चिमूटभर उदी द्या. सनईवाल्याच्या छातीत डागदरानं काय बघायचं? हितं दम भरलाय, दम…”

आन तिथंच ढास लागली. डोळं पांढरं व्हायची पाळी आली. पिराजीनं उपरणं तोंडाला लावलं, आन झटक्यात काखंत दडवलं.

“काय रं ते तांबडं?”

“पान… पान खाल्लंय.”

“सनईची पत्ती घाण हुईल म्हणून जलमात पान खाल्लं न्हाईस तू.”

पिराजीनं उपरणं काखंत आजून आत कोंबलं.

“घरात सांगितलंस?”

“…न्हाई.”

बाबांनी उदी दिली न्हाई. गोधडी शिवत राह्यले.

दुसऱ्या दिशी सकाळी पिराजी परत आला, तर बाबाच खोकतायत! पोटाला हात लावून, वाकून, ख्वॉक ख्वॉक.

“अगाई! बाबा, कवापासनं ह्ये?”

“लई दिस झालं. तुला आपल्याच खोकल्यात ऐकू आलं न्हाई.”

“उठा. दवाखान्यात चला.”

“नगं रं बाबा. फोटो काढला की माणूस मरतोय.”

“कोण म्हणतंय? भिवा वरीसभर घरात बसला म्हणून मेला!”

बाबांनी त्याच्याकडं बघितलं. पिराजीला आपण काय बोललो ते कळलंच न्हाई.

“उदी खातो की चिमूटभर,” बाबा म्हणाले.

“राखेनं खोकला जातोय व्हय? म्हाताऱ्या माणसानं असा खोकला अंगावर काढू ने, एवढं बी कळंना तुमास्नी?”

दंडाला धरून त्यानं बाबांना रिक्षात कोंबलं. बाबा वाटभर खोकले. सरकारी दवाखान्याची पायरी आली, आन खोकला गप.

“नाव?” नर्सबाईनं इचारलं.

“पिराजी भाऊ घडशी,” बाबा म्हणाले.

पिराजीचं तोंड उतरलं.

“बाबा… आन तुमचा खोकला?”

“मला कुठला? तुझाच वाईच उसना घेतला हुता.”

नर्सबाईनं फोटोच्या खोलीचं दार उघडलं. आत अंधार, गार वारं, आन भिंतीला लावलेली एक काळी पाटी. तिला छाती लावून हुभं ऱ्हायचं.

पिराजी उंबऱ्यातच थबकला. माघारी फिरावं, तर मागं बाबा. त्यानं त्यांची कफनी मुठीत धरली… बारक्या पोरानं आईचा पदर धरावा तशी.

“बाबा… काय निघालं तर?”

बाबांनी त्याची बोटं सोडवली. एकेक करून, सावकाश.

“निघंल ते आतच हाय की, लेका. डागदर काय घरनं आणून घालतोय?”