नेदाच्या मडक्यातला विस्तव

एक होतं गाव. त्या गावाला राजा नव्हता, बरं का. राणी नव्हती, राजवाडा नव्हता, आणि हत्ती तर कुणी जन्मात पाहिला नव्हता. दूर, खूप दूर उत्तरेकडे, जिथे हिवाळ्यात नदी गोठून फरशीसारखी होते ना, तिथलं हे गाव. फार फार वर्षांपूर्वीचं.

पांघरूण नीट घ्या. पाय बाहेर ठेवू नका. हं.

तर तिथली घरं अर्धी जमिनीत असायची. आधी कमरेइतका खोल चौकोनी खड्डा खणायचा. मग भोवती लाकडाचे ओंडके रचायचे. वर गवताचं जाड छप्पर. लांबून बघाल तर वाटेल, नुसती छपरंच जमिनीवर येऊन बसलीत, अंड्यांवर कोंबडी बसते तशी. आत एका कोपऱ्यात दगडांची मोठी चूल. तिच्यावर पेज रटरटायची. आपले वरीचे तांदूळ असतात ना, तसल्या धान्याची. थंडी पडली की सगळं घर त्या चुलीला चिकटून झोपायचं.

आणि त्या चुलीच्या मागे राहायचा देद.

देद म्हणजे आजोबा, त्यांच्या भाषेत. पण हा देद केवढा? माझ्या या अंगठ्याएवढा. त्याची दाढी राखेची होती आणि डोळे निखाऱ्याचे. तो घर सांभाळायचा. बाळ रडलं की हळूच पाळणा हलवायचा. उंदीर धान्याशी आला की त्याच्या शेपटीला चिमटा काढायचा. मोठ्यांना तो दिसायचा नाही. लहानांना दिसायचा, तोसुद्धा कधीतरीच.

या गावात राहायची एक मुलगी. तिचं नाव नेदा. तिचे वडील तिहोमीर, फार अबोल माणूस. वडिलांना ती 'तात' म्हणायची. आणि नेदाची आई करायची मडकी. चाक नव्हतं हो तिच्याकडे. मातीच्या वळ्या एकावर एक ठेवायच्या आणि बोटांनी दाबत दाबत मडकं उभं करायचं. त्यावर नक्षी नाही, रंग नाही. पण मडक्याच्या आत हात घातला की तिच्या बोटांचे ठसे लागायचे.

एका हिवाळ्यात आईला ताप आला, आणि आई गेली. मग त्यांच्या रीतीप्रमाणे तिची राख तिनेच केलेल्या एका मडक्यात ठेवली, आणि ते मडकं गावाबाहेरच्या टेकाडावर पुरलं. नेदा रोज तिथे जाऊन बसायची. आज काय खाल्लं, काय झालं, सगळं आईला सांगायची.

मग काय झालं? गवताळ रानातून घोडेस्वार आले. दरवर्षी यायचे ते. धान्य न्यायचे, गाई न्यायच्या. पण त्या वर्षी जाता जाता त्यांचा म्होरक्या म्हणाला, "पुढच्या वेळी तुमची पोरं नेऊ."

गावात सगळ्यांत म्हातारी होती लुबाना. तिला सगळे 'बाबा' म्हणायचे. हसू नका! त्यांच्या भाषेत आजीला बाबाच म्हणतात. आपण तिला आजी म्हणू. तर लुबाना आजी सगळ्यांना म्हणाली, "घरं परत खणता येतात. पोरं परत कुठून आणायची? उठा. नदीपलीकडे जाऊ, जंगलापलीकडे जाऊ. जिथे घोडे पोचत नाहीत तिथे जाऊ."

मग गाव निघालं. कुणी कोयते घेतले, कुणी बियाणं घेतलं, कुणी कोकरं खांद्यावर घेतली. पण नेदा कुठे? नेदा टेकाडावर जाऊन बसली होती.

तात तिला शोधत आला.

"मी येणार नाही, तात," नेदा म्हणाली. "आई इथे आहे."

तात तिच्याशेजारी बसला. मग म्हणाला, "मलाही जायचं नाहीये, नेदा."

एवढंच म्हणाला. पण नेदाला वाटलं होतं, एवढ्या मोठ्या माणसाला कशाचं काय वाटणार! आता तिने बघितलं तर त्याचे ओठ थरथरत होते. मग तिनेच त्याचा हात धरला. दोघं रडली. पोटभर रडली. मग तातने सदऱ्याच्या आतून एक कंबरपट्टा काढला. जवसाच्या धाग्याचा, लाल काठाचा. आईने स्वतः विणलेला. "मी जपून ठेवला होता," तो म्हणाला. "तू बांध." नेदाने दोन वेढे देऊन तो बांधला, तरी त्याची टोकं गुडघ्यापर्यंत आली.

घर सोडताना त्यांची एक रीत होती. चुलीतले निखारे मडक्यात घ्यायचे, वर राख पसरायची आणि म्हणायचं, "देद आजोबा, चला आमच्याबरोबर." मग देद त्या मडक्यात येऊन बसायचा. विस्तव जिवंत राहिला तर नव्या घरात देद येणार. विस्तव विझला तर देदही गेला. आणि हे मडकं न्यायचं घरच्या बाईने.

तात म्हणाला, "दे, मी नेतो."

"आईचं काम आहे ते," नेदा म्हणाली. "मी नेते."

मग लागली नदी. एका ओंडक्यातून कोरलेल्या अरुंद होड्या होत्या त्यांच्या. मध्यावर गेल्या आणि सुटला वारा. लाट आली ती सरळ होडीत. चुर्र! एक मडकं विझलं. चुर्र! दुसरं विझलं. नेदाने काय केलं, तर मडकं पोटाशी धरलं आणि त्यावर वाकून बसली. पाणी येईना का, सगळं पाठीवर घेतलं. दात कडकड वाजत होते, पण उठली नाही.

पलीकडे पोचल्यावर मडक्यातून आवाज आला. "कोण गं ते? एवढी थरथर कशाला? मी इथे गडगडतोय!"

"मी नेदा, आजोबा. मला थंडी वाजतेय."

"मग हात आत घाल की, वेडे," देद म्हणाला.

नेदाने हात आत घातले आणि शेकले.

मग लागलं जंगल. तिथे पाऊस. दिवसभर पाऊस, दुसऱ्या दिवशीही पाऊस. काडीन् काडी भिजलेली. राहिलेली मडकी एकेक करून विझली. बायका विझलेली मडकी छातीशी धरून चालत होत्या. आता गावात एकच विस्तव उरला, नेदाचा. तोही काळवंडत चालला.

"पोरी," देद खोकत म्हणाला, "जुन्या झाडाच्या ढोलीत कोरडं भुस्कट असतं. पण तिथे मधमाश्या राहतात. त्यांचं घर आहे ते. विचारून घे हो."

नेदाला ते झाड सापडलं. आतून घूं घूं घूं असा आवाज येत होता. तिने खोडाला कपाळ टेकलं आणि म्हणाली, "बायांनो, आमचे आजोबा फार म्हातारे आहेत. त्यांना गारठा सोसत नाही. मूठभर भुस्कट द्याल का?"

घूं घूं थांबलं. एक माशी बाहेर आली. नेदाच्या नाकावर बसली. नेदा हलली नाही, शिंकलीसुद्धा नाही! माशीने तिला नीट न्याहाळलं आणि आत गेली. मग सगळ्या माश्या पडदा सरकावा तशा एका बाजूला सरकल्या. नेदाने हात घालून भुस्कट घेतलं. हाताला मधाचं पोळंही लागलं. भूक तर केवढी लागली होती! पण मध मागितला नव्हता ना? मग तिने तो घेतला नाही. भुस्कट घातलं तसा विस्तव लाल झाला, आणि देद आत मोठ्याने शिंकला.

झोप आली का? थांबा, थोडीच राहिली.

मग जंगल संपलं आणि लागलं माळरान. झाड नाही, झुडूप नाही. वरून बर्फ पडायला लागलं. सगळं पांढरं. वाट कुठली, कडा कुठला, काही कळेना. लुबाना आजीला चालवेना, म्हणून तातने तिला पाठुंगळी घेतलं. आणि मडक्यात उरला एकच निखारा. केवढा? चिमणीच्या डोळ्याएवढा.

"राहू दे आता, नेदा," देद म्हणाला. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "पुष्कळ आणलंस मला."

लुबाना आजीला देद ऐकू येत नव्हता, पण तिने मडक्यात डोकावून पाहिलं आणि तीही म्हणाली, "राहू दे, बाळ. चकमक आहे आपल्याकडे. पुढे गेल्यावर नवा विस्तव करू."

"नव्या विस्तवात आजोबा नसतील," नेदा म्हणाली.

तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. कोरडं असं काही नव्हतं. मग तिने अंगावर पांघरलेलं मेंढीचं कातडं बाजूला केलं. आत, अंगाशी, तिच्याच उबेने वाळलेला, तो कंबरपट्टा होता. आईने विणलेला. नेदाने त्याची गाठ सोडली. आणि तिचा हात तिथेच थांबला. तिने वर पाहिलं.

"तात?"

तातने तोंड फिरवलं. बर्फाकडे बघत उभा राहिला. मग आजीला खाली उतरवून वळला, गुडघ्यावर बसला, आणि वारा लागू नये म्हणून मडक्याभोवती आपले दोन्ही हात धरले. "घाल," तो म्हणाला.

नेदाने एक टोक आत सोडलं. आधी काही झालं नाही. मग लाल काठ आणखी लाल झाला. मग धूर आला. आणि काय सांगू तुम्हाला, त्या धुराला आईचा वास होता! ओल्या मातीचा, पेजेचा, तिच्या केसांचा. वारा एवढा सुटला होता, पण धूर वाकला नाही. सरळ वर गेला, उंच झाला, आणि एखादी बाई पाण्याला निघावी तसा हळूहळू पुढे चालू लागला. जिथून तो जाई तिथे बर्फ पडत नसे. जमीन दिसे. वाट दिसे.

तातने आजीला पुन्हा पाठुंगळी घेतलं. सगळे मागोमाग चालू लागले. नेदा पट्टा थोडा थोडा आत सोडत होती आणि चालत होती. "आई" अशी हाक मारावीशी वाटत होती तिला, पण वाटलं, हाक मारली तर आई मागे वळेल, आणि वाट चुकेल. म्हणून ती नुसती चालली.

पट्टा संपला तेव्हा माळ संपला होता. पुढे होता एका छोट्या नदीचा काठ. धूर पाण्यावर गेला, पसरला, आणि नाहीसा झाला. मडक्यात मात्र विस्तव चांगला फुलला होता.

पण काठावर माणसं उभी होती! परकी माणसं. हातात भाले. धूर पाहून आली होती ती, कोण शत्रू आला म्हणून. इकडून आपली माणसं, तिकडून ती माणसं. कुणी पुढे होईना, कुणी मागे हटेना. तातने कमरेची कुऱ्हाड काढली आणि खाली बर्फात ठेवली. तरी भाले तसेच.

त्यांच्यात एक बाई होती, बोयाना नावाची. तिच्या कानशिलांशी तांब्याची गोल वळी लोंबत होती. तिचं लक्ष नेदाकडे गेलं. एवढीशी पोर, ओठ निळे पडलेले, आणि पोटाशी मडकं. बोयानाने बोटाने विचारलं, त्यात काय आहे?

नेदाने मडकं तिच्याकडे तिरकं केलं. "ओगन," ती म्हणाली.

बोयाना दचकली. "ओगन?" तीही म्हणाली. थोडं वाकडं, थोडं लांबवून, पण तोच शब्द!

ओगन म्हणजे काय, ओळखा पाहू. अग्नी! बरोबर. आहे की नाही आपल्यासारखं?

मग बोयानाने कमरेचं लाकडी भांडं उघडलं, बोट बुडवलं आणि नेदाच्या ओठांना लावलं. "मेद," ती म्हणाली.

"मेद!" नेदा म्हणाली. तो होता मध. हो, आपला मध.

मग बोयाना खाली बसली. नेदाचं नाक आपल्या बाहीने पुसलं आणि हळूच विचारलं, "माती?"

त्यांच्या भाषेत आईला म्हणतात माती. तुझी आई कुठे आहे, असं विचारलं तिने. नेदाला शब्द कळला. तिने मडकं आणखी घट्ट धरलं. बोयानाला ते न सांगताच कळलं. तिने भाल्यांकडे पाठ केली, नेदाला मडक्यासकट उचललं आणि कडेवर घेतलं.

मग एक भाला खाली आला. मग दुसरा. मग सगळेच.

तातच्या पाठीवरून लुबाना आजी म्हणाली, "ज्यांचे शब्द आपल्याला कळतात, ती परकी कशी?"

आणि तेव्हापासून म्हणे ती दोन्हीकडची माणसं स्वतःला 'शब्दवाले' म्हणू लागली. म्हणजे एकमेकांचं बोलणं कळणारे. खरंखोटं मला विचारू नका. मी तेव्हा नव्हते.

तो हिवाळा त्यांनी बोयानाच्या गावात दाटीवाटीने काढला. बर्फ वितळलं तशी नवी घरं खणली, नव्या चुली रचल्या. बायका आपापली विझलेली मडकी घेऊन नेदाच्या दाराशी आल्या. नेदाने प्रत्येकीला एकेक निखारा दिला.

काय म्हणतोस? देद एक आणि घरं इतकी, मग कसं? अरे, एका निखाऱ्याचे दहा होतात की नाही? तसे देदचेही झाले. देदचे मुलगे, देदच्या नाती. घरोघरी एकेक.

म्हातारा देद मात्र नेदाच्या घरी गेला. नव्या चुलीत उतरला, इकडून तिकडून फिरला आणि कुरकुरला, "हा दगड तिरका बसलाय." तातला काही ऐकू आलं नव्हतं, बरं का. पण तो वाकला आणि त्याने तोच दगड सरळ केला. नेदा एवढी हसली, एवढी हसली, की तात विचारतच राहिला, "काय झालं गं? काय झालं?" आणि मग, कशाला ते न कळताच, तोही हसायला लागला. आई गेल्यापासून पहिल्यांदाच.

पुढे सगळं ठीक झालं. धान्य पिकलं, गाई व्यायल्या, घोडेस्वार तिथवर कधी आले नाहीत. बोयाना येता-जाता नेदाची वेणी घालायची. लुबाना आजी उन्हात बसून दाणे निवडायची. नेदा मोठी झाली, तिला मुलं झाली, मुलांना मुलं झाली, आणि ती सगळी सुखाने राहिली.

आता तुम्हीही डोळे मिटा. आणखी गोष्टबिष्ट काही नाही. मी आहे इथेच, तुमच्या उशाशी. झोपा.