धामण आणि बापाचं बीळ

फार मागं, ज्वारीच्या बांधात एक म्हातारा उंदीर वारला. तेरावं उरकताच दोघा मुलांनी त्याचं बीळ वाटून घेतलं आणि बहिणीला, धुरपीला, मूठभर दाणे देऊन वाटेला लावलं. "लेकीला बिळात हिस्सा नसतो, ताई. आपली रीतच आहे."

"मागचं भुयार मी एकटीनं खणलं, तेव्हा कुठं होती रीत?" धुरपी कडाडली आणि तणतणत बाहेर पडली.

तेवढ्यात पुढच्या तोंडानं बिळात धामण शिरली. दोघे भाऊ धुरपीच्याच अरुंद भुयारातून जीव घेऊन पळाले आणि तिच्या पुढ्यात येऊन पडले.

"आता तरी माझा हिस्सा मान्य?"

थोरल्यानं मिशांवरची माती झटकली. "उपकार झाले, ताई. पण रीत ती रीत."

"मग जा की आत!" धुरपी म्हणाली. "बीळ तुमचंच आहे. धामणीला सांगा रीत."