सगुणेची गाठ

चूक अंतोबा मिराश्याची होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण कातळवण्यात ही गोष्ट सांगताना म्हातारी माणसं वाऱ्याला दोष देतात, नशिबाला देतात, त्या सालच्या मुहूर्ताला देतात, आणि अंतोबाचं नाव घ्यायची वेळ आली की त्यांना खोकला येतो.

फार वर्षांमागची गोष्ट. कातळवणे हे समुद्राच्या डोक्यावर बसलेलं गाव. गावाच्या वर सडा, म्हणजे नुसता सपाट काळा कातळ, आणि सड्याच्या टोकाला कडा. माघातल्या सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा सुटला की गाव त्या सड्यावर वावडी उडवायचं. वावडी म्हणजे पोरांच्या हातातला पतंग नव्हे. बांबूच्या कामट्यांवर जाड कापड ताणलेली, गलबताच्या शिडाएवढी ती वस्तू. असं म्हणतात, तिच्या सावलीत अख्खी वाडी पंगतीला बसायची. तिचा दोर आठ माणसं धरायची, आणि नववा, मिराश्यांच्या घरचा मानकरी, दोराचं टोक कमरेला तीन वेढे घेऊन निरगाठीने बांधायचा. ओढलं की आणखी आवळते ती निरगाठ.

कमरेला का? तर कधीकाळी एका मिराश्याने दोर सोडला होता, वावडी समुद्रात गेली होती आणि शेजारचं गाव हसलं होतं. तेवढंच. एका हसण्यापायी पाच पिढ्या माणसं बांधत राहिल्या.

दोर वळायची सगुणा. नारळाच्या सोडणातून काथ्या काढून ती असा दोर वळायची की, असं म्हणतात, दोन हत्ती दोन टोकांना जुंपले असते तरी हत्ती दमले असते. वावडीचा दिवस संपला की दोर दुरुस्तीला तिच्याकडे परत यायचा, आणि तिला त्यात काय काय सापडायचं. कुणाच्या तळहाताचं सालपट. कुणाचं वाळलेलं रक्त. एका वर्षी अख्खं नख. एकाचा खांदा निखळला, एकाचा पाय मोडला, एक मानकरी कातळावरून असा फरफटला की पुढे जन्मभर पालथाच झोपला. ती ते रक्त कढत पाण्याने धुवायची आणि धुता धुता शिव्या घालायची. एकदा तिने मनाशी ठरवलं, यंदा दोरात एक पेड कच्चा ठेवायचा, म्हणजे वेळेला तुटेल तरी. पण तिच्या बोटांना वाईट काम येतच नव्हतं.

मग ती गावकीत गेली. पारावर म्हातारे बसलेले, मधोमध अंतोबा. तिने सांगितलं, दोर माणसाला बांधू नका, खुंट्याला बांधा. माणसाला बांधायचाच तर सुरगाठ मारा, एक टोक ओढलं की सुटेल. हाताला ओलं गोणपाट गुंडाळा. वारा झटके देत असेल तर घरी बसा. आणि दोराखाली पोरं उभी करू नका.

"सगुणा, तू दोर वळ," अंतोबा म्हणाला. "गाठ कशी मारूची, ती मिराशी ठरवतले."

"वावडी गेली तर दुसरी करूक येता. माणूस खंयसून आणतलास?"

"पळपुटी गाठ बायकांक शोभता," अंतोबा म्हणाला, आणि सगळे म्हातारे हसले. हसण्यात ते फार तरबेज होते.

असं म्हणतात, ती सात वर्षं दर माघात पारावर गेली. सात वर्षं तेच बोलली आणि सात वर्षं तेच ऐकून आली. तिसऱ्या वर्षी तर तिला बघून एकाने घोरल्याचं सोंग केलं. पाचव्या वर्षी त्याचाच मुलगा सड्यावर हात मोडून आला, तरी सहाव्या वर्षी तो बापमाणूस पुन्हा घोरत होता.

आठव्या वर्षी अंतोबाच्या कमरेने दगा दिला आणि मान त्याच्या एकुलत्या एक मुलाकडे, नारूकडे आला. नारू वीस वर्षांचा, अंगाने काटकुळा. आदल्या दिवशी तो सगुणेच्या अंगणात येऊन उभा राहिला.

"सगुणाकाकी, ती तुझी गाठ माका दाखव."

तिने दाखवली. त्याने शंभर वेळा बांधली, शंभर वेळा सोडली. आठ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिचं ऐकलं होतं. या पोराला काही होऊ द्यायचं नाही, एवढं एकच त्या रात्री तिच्या डोक्यात होतं.

सकाळी सड्यावर वारा असा होता की खडे उडत होते. कुणालाही दिसत होतं की आज वावडी काढायची नाही. पण पाहुणे आले होते, ढोल आला होता, आणि म्हाताऱ्यांनी नारळ फोडून टाकला होता. नारूने कमरेला सुरगाठ मारली. अंतोबाच्या ते लक्षात आलं. तो लंगडत पुढे आला आणि साऱ्या गावासमोर त्याने ती सोडवून टाकली.

"मिराश्याच्या कमरेक सुरगाठ? लोकांक काय तोंड दाखवू?"

आणि त्याने स्वतःच्या हातांनी, मुलाच्या कमरेत गुडघा रोवून, निरगाठ आवळली.

"अरे मेल्या!" सगुणा गर्दीतून ओरडली. "तो तुझो झील आसा, खुट्याचो बैल न्हय!"

नारूने तसाच दोर धरला. बापाच्या पुढे बोलायची त्या घरात रीत नव्हती.

वावडी उठली ती गरजतच. तिच्या आवाजाने, असं म्हणतात, गावातल्या गाई दावं तोडून पळाल्या. दोन झटके आठ जणांनी सोसले. तिसऱ्या झटक्याला दोराने तळहात जाळले आणि आठही जणांनी हात सोडले. सोडणारच. त्यांना सोडता येत होतं. नारू कातळावर आपटला आणि कड्याच्या दिशेने फरफटत निघाला, दोन्ही हातांनी गाठ ओरबाडत. ती जितकी ओढावी तितकी आवळत होती.

म्हातारे ओरडत होते, "धरा, धरा!" सगुणा धावली. कमरेची कोयती काढून तिने नारूच्या पुढचा दोर पकडला, आणि तेवढ्यात वावडीने उसळी घेतली. दोघंही कातळावरून उचलली गेली. वर ती, खाली तो. दोराचा वेढा तिच्या वरच्या हाताच्या मनगटाला बसला होता, त्यामुळे दुसऱ्या हातातली कोयती त्या वेढ्याच्या वर पोचेना. खाली मात्र पोचत होता. खाली कापलं तर नारू सुटेल आणि आपण वावडीबरोबर जाऊ, हे दोराच्या त्या बाईला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिने खाली कापलं. दोन हत्तींना न तुटणारा तिचा दोर, असं म्हणतात, तिसऱ्या घावाला केळीच्या सोपासारखा तुटला.

नारू कड्याच्या काठच्या करवंदीच्या जाळीत पडला. मांडी मोडली, जीव वाचला. वावडी सगुणेला घेऊन समुद्रावर गेली. ती खाली पडताना कुणीही पाहिली नाही. असं म्हणतात, ती अजून वरच आहे, आणि मतलई सुटला की खोल पाण्यातल्या खलाशांना वरून शिव्या ऐकू येतात. शिव्या ऐकल्या की ते शीड उतरवतात.

आजही कातळवण्यात माघात वावडी उडते. दोर खुंट्याला असतो, गाठ सुरगाठ असते, तिला सगुणेची गाठ म्हणतात. गावातला सगळ्यात म्हातारा पुरुष कमरेला ती गाठ मारून उभा राहतो आणि गावातली एक बाई टोक ओढते. तीनदा गाठ सुटली तरच वावडी उठते. शेजारी धार लावलेली कोयती ठेवलेली असते. वारा झटके देऊ लागला की सगळा सडा ओरडतो, "सोड!" आणि जो आधी सोडतो त्याला पहिला नारळ मिळतो. मिराश्यांची हल्लीची म्हातारी माणसं पाहुण्यांना सांगतात की ही आमच्या घराण्याची पूर्वापार रीत. सांगताना लाजतही नाहीत.

नारू बरा झाल्यावर लंगडत सगुणेच्या रिकाम्या घरी गेला आणि तिथेच दोर वळत राहिला. मिराश्यांच्या उंबऱ्यावर त्याने पुन्हा पाय ठेवला नाही.

अंतोबा आणखी अकरा वर्षं जगला. त्याला अग्नी पुतण्याने दिला.