हलत्या फांदीचा नियम

माणसाने कुऱ्हाड उचलण्याच्याही आधी एका रानात सगळ्यांचा मिळून एक ठराव होता. बिबट्या ज्याला दिसेल त्याने तीन हाका द्यायच्या. आवाज मोराचा असो की टिटवीचा, तीन हाका ऐकल्या की पळायचं.

मग उंबरावरच्या हुप्प्या वानराने सभा भरवली. "तीन हाका जुन्या झाल्या. यापुढे हाकांनंतर फांदी हलवायची. फांदी हलली नाही, तर हाक खोटी."

"अरे, मी जमिनीवर राहते," टिटवी म्हणाली. "फांदी कुठून आणू?"

"झाड कुणालाच बंद नाही, टिटवीबाई. चढा की!"

वानरं खिदळली. फांदी दिसावी म्हणून हरणांचा कळप आपल्याच झाडाखाली राहावा, त्याच्या तिखट नाकांच्या भरवशावर आपण निर्धास्त झोपावं, एवढंच हुप्प्याला हवं होतं. वानरांनी खाली टाकलेली उंबरं हरणांना फुकट मिळत होती. त्यांनी माना डोलावल्या.

एका दुपारी एक हरिणी पाडसाला घेऊन नदीवर गेली. काठच्या गवतातून बिबट्या दबकत येत होता. उंबरावरून ते गवत दिसत नव्हतं. टिटवीने मात्र पाहिलं. ती तीनदा ओरडली.

हरिणीने वळून उंबराकडे पाहिलं. फांदी स्थिर होती.

"अगं पळ! आलाय तो!"

"उगीच घाबरवू नकोस गं," हरिणी म्हणाली, पण तिचे कान थरथरत होते. "ओरडायचं तर नियमाने ओरड."

टिटवी घसा फाटेस्तोवर ओरडत तिच्या डोक्यावर घिरट्या घालत राहिली. पाडसाने पाण्याला तोंड लावलं. बिबट्या काही त्या सभेला आलेला नव्हता. तो आणखी दोन पावलं पुढे सरकला.