पांढऱ्या गाडीवरचे तांबूस ठिपके

एका गावात, एसटी स्टँडच्या मागच्या आळीला, विश्राम पांचाळ नावाचा एक कारागीर राहत होता. गेट, ग्रिल आणि शटर बनवण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. नाव विश्राम, पण जिवाला विश्राम म्हणून नव्हता, आणि नवी पांढरी गाडी घरी आल्यापासून तर मुळीच नव्हता.

गाडी त्याने वर्कशॉपच्या दारासमोरच उभी केली. येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकाच्या नजरेत भरायला नको का? थोडे दिवस गेले आणि बॉनेटवर, टपावर बारीक तांबूस ठिपके उठले. मोहरीएवढेसुद्धा नाहीत, पण पांढऱ्यावर लपणार कुठे? विश्रामने ते फडक्याने पुसले. साबणाने धुतले. मग वरून पॉलिशचा थर देऊन झाकून टाकले. गाडी चार दिवस चकाकली आणि ठिपक्यांनी पुन्हा डोकं वर काढलं. शेवटी तो इतका वैतागला की भांडी घासायचा काथ्या घेऊन बॉनेटवर तुटून पडला. ठिपके होते तिथेच राहिले, सोबतीला ओरखडे तेवढे आले.

“अहो, गाडी बसायला आणलीय की पुसायला?” त्याची बायको मंदा विचारायची. याचं उत्तर विश्रामकडे नव्हतं. उत्तर नसलं की माणूस दोष द्यायला कोणी मिळतंय का ते बघतो. विश्रामनेही तेच केलं.

त्याला लांब जावं लागलं नाही. भिंतीपलीकडे सोनाक्काचा झेंडूचा वाफा होता. सोनाक्का एकटी बाई. दसऱ्याला झेंडू विकायचा आणि त्यावर वर्ष काढायचं, असा तिचा संसार. दोन्ही घरांना बोअर एकच होती आणि मोटार होती विश्रामच्या आवारात. रोज सकाळी सोनाक्का पाइप धरून वाफा भिजवायची. बोअरचं पाणी जरा तांबूस. झालं, विश्रामला गुन्हेगार सापडला. तेच पाणी वाऱ्याने उडून गाडीवर बसतं आणि तिथे गंज चढतो, असं त्याने ठरवून टाकलं.

सोनाक्काने त्याला परोपरीने समजावलं. शेवटी ती म्हणाली, “माझी पांढरी गाय मी त्याच पाण्यानं धुते, विश्राम. तिच्या अंगावर एक ठिपका दाखव, मी वाफा बुजवते.”

पण डोक्यात राख घालून घेतलेल्या माणसाला गाय दाखवून काय उपयोग? विश्रामने तिच्याकडे जाणाऱ्या पाण्याचा कॉक फिरवून बंद केला आणि हात झटकले.

त्या दिवसापासून सोनाक्का कोपऱ्यावरच्या हापशावरून घागरी आणू लागली. वय झालेलं, कंबर धरलेली. मागची एक ओळ तिने कशीबशी जगवली. बाकीची रोपं कळ्या धरता धरता माना टाकून बसली आणि मग वाळली. मंदाने दोनदा विषय काढला. तेव्हा विश्रामने, गाडी काही तुझ्या माहेरून आलेली नाही, असं तिलाच ऐकवलं.

आणि ठिपके? ते येतच होते. पाणी बंद, वाफा कोरडा, आणि गाडीवर रोज नवे ठिपके. यावरून शेंबड्या पोरालाही काय ते कळलं असतं. विश्रामला मात्र कळलं नाही. मागे बसलेलं पाणीच आता वर येतंय, असं तो लोकांना सांगत सुटला. अशा माणसापुढे कपाळावर हात मारण्यापलीकडे काय करणार?

खंडेनवमी जवळ आली. त्या दिवशी अवजारांना सुट्टी आणि पूजा. त्यांच्याबरोबर गाडीचीही पूजा व्हायची होती, आणि पूजेला गाडी डागाळलेली कशी चालेल? विश्रामने शहरातल्या दुकानातून गाडीचा रंग साफ करायची खास माती आणली. ती मळलेल्या कणकेसारखी मऊ होती. दुकानदाराने बजावलं होतं की घासायचं नाही. साबणाचं पाणी भरपूर मारायचं आणि माती अलगद फिरवायची, म्हणजे रंगात रुतलेलं जे असेल ते ती ओढून घेते.

आयुष्यात पहिल्यांदा विश्रामने एखादी गोष्ट अलगद केली. हाताखालचा खरखरीतपणा जाऊन पत्रा गुळगुळीत होत गेला. माती उलटून पाहिली तर तिच्यात काळे कण तिळासारखे टोचून बसलेले. सवयीने त्याने ते बोटांत चोळले. बोटांना कण ओळखीचे वाटले. त्याने ते खरवडून कागदावर घेतले आणि जमिनीवरचा लोखंडाचा कीस गोळा करायचं चुंबक कागदाखालून फिरवलं. कण उभे राहिले आणि चुंबकामागे चालू लागले. पाण्याचा डाग चुंबकाला भीक घालत नाही. हे लोखंड होतं, त्याच्याच लोखंड घासायच्या ग्राइंडरवरून उडालेलं.

त्याने मान वर केली. उजेड बरा म्हणून ग्राइंडर दाराशी मांडलेला, आणि दारासमोर गाडी. दिवसभर ठिणग्या उडत होत्या, तापलेले कण रंगात रुतत होते आणि तिथेच गंजत होते. जन्म लोखंडात गेलेल्या माणसाला हे दिसलं नव्हतं.

विश्रामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण पाहिलं कोणीच नव्हतं. त्याने कागद चुरगाळला, गाडी मागच्या बोळात लावली, कॉक गुपचूप उघडला आणि तोंड मिटून घेतलं.

खंडेनवमीला अवजारं धुऊन मांडली. कुंकू लागलं, अक्षता पडल्या, नारळ फुटला. झेंडू मात्र नव्हता. दरवर्षी सोनाक्काची पहिली पाटी भिंतीवरून त्याच्याच अवजारांना यायची. प्रसादाला आळीतली माणसं जमली. त्यांतले म्हातारे बंडूतात्या म्हणाले, “यंदा मशिनीला फूल नाही? अक्काचं पीक बुडालं म्हणे.”

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. विश्रामने बोडक्या ग्राइंडरकडे पाहिलं. त्याच्याने मान हलवेना.

“बुडालं नाही, तात्या. मी बुडवलं,” तो म्हणाला. “पाणी मी तोडलं, आणि ठिपके माझ्याच ठिणग्यांचे होते.”

प्रसाद वाटणारा मंदाचा हात थांबला. भिंतीपलीकडे सोनाक्का उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं. तिच्या चेहऱ्यावर राग होता आणि तो रास्तच होता.

“रोपं हिरवी होती तेव्हा बोलला असतास, तर बरं झालं असतं,” ती म्हणाली.

“होय, अक्का.” विश्राम खाली मान घालून उभा राहिला.

सोनाक्का वळून मागच्या ओळीत गेली आणि परत आली. भिंतीवरून तिने हात पुढे केला. हातात झेंडूचं एकच फूल होतं.

“हे मशिनीला वाहा. गाडीला नको, तिचे लाड पुष्कळ झाले.”

तात्पर्य: दुसऱ्याच्या पाण्याला बोल लावण्याआधी आपल्या ठिणग्या कुठवर उडतात ते पाहावं, आणि चूक उमगली की ती तेव्हाच कबूल करावी, कारण कबुलीने मनातला डाग निघतो, पण वाळलेलं रोप हिरवं होत नाही.